लालबागच्या खानावळवाल्या
आज लालबागला मावशीकडे गेलेले, शेजारच्या आजी त्यांच्या जुन्या खानावळीचं सांगत बसल्या आणि मी उठलेच नाही. चाळीतली एक खोली, स्टोव्ह, गावाहून एकटे आलेले गिरणी कामगार जेवायला, त्यात पाळ्या तीन म्हणजे रात्रपाळीवाला सुटला की त्याचंही ताट तयार पाहिजे, आणि पैसे मात्र पगार झाल्यावर. तोवर किराणा उधार नाहीतर सावकार आहेच! बँक या खानावळवाल्या बायकांना दारात तरी उभं करत होती का? १९७५ला प्रेमाताई पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं तेव्हा कुठे बँकेचं कर्ज मिळायला लागलं. मग ८२चा संप. गिरण्या बंद, जेवणारे गावाला गेले, आजींची उधारी बुडाली. संपाचा विषय निघाला की आपण संपाचे पुढारी दत्ता सामंत आणि गिरणीमालक एवढंच बोलतो, ह्या बायकांच्या बुडालेल्या पैशाचा हिशोब कोण काढतं राव?