आधीच कळलं होतं, तरी?

"दादा तीन वर्षं डायलिसिसवर होता, जाणार हे ठाऊक होतं. मग वहिनी अजून सावरत कशा नाहीत?" हा प्रश्न बहुतेकदा दीर विचारतो, कधी शेजारीण. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहिते.

आधी कळलं म्हणून दुःख आधीच उरकत नाही. आजारपणात बाईला रडायला सवड कुठे असते? सोमवार-गुरुवार डायलिसिस, चार-चार तास, शिवाय जाणं-येणं. पाण्याची बाटली खुणा करून ठेवायची, म्हणजे दिवसाचं माप चुकत नाही. पोटॅशियम कमी व्हावं म्हणून भाजी उकळून पाणी ओतून द्यायचं. तो गेला तरी हे वेळापत्रक अंगातून जात नाही. तेरावा होतो, पाहुणे पांगतात, आणि गुरुवारी पहाटे पाचला तिला जाग येते. डबा कोणाचा भरायचा?

"सुटला बिचारा," असं सगळे म्हणतात. "मीही सुटले" हे तिच्याही मनात येऊन जातं, आणि त्या एका विचाराची ती स्वतःला महिनोन्महिने शिक्षा देते. सुटका वाटणं आणि तो हवासा वाटणं एकाच वेळी असतं, हे तिला कोणीतरी मोठ्याने सांगावं लागतं.

दुसरा सल किडनीचा. "मी दिली असती तर?" पुष्कळदा तिलाच मधुमेह असतो, म्हणून डॉक्टरांनीच नको म्हटलेलं असतं, पण ते वाक्य त्या गडबडीत विरून जातं. महिन्याभराने फाईल घेऊन, प्रश्न कागदावर लिहून, सोबत एकाला घेऊन त्याच डॉक्टरांची वेळ घ्यावी. फाईल घरी एकटीने चाळत बसण्यापेक्षा हे बरं. त्याच फेरीत तिची शुगर आणि बीपीही तपासून घ्या. स्वतःच्या गोळ्या तिने कधीच्या सोडलेल्या असतात.

नातेवाईक चूक करतात ती खोलीची. ती माहेरी गेलेली पाहून एका दिवसात सगळं उचलतात. भाड्याचा पलंग परत करा, रोजचं भाडं चढतं. फ्रिजच्या दारातली इंजेक्शनं, उरलेल्या झोपेच्या गोळ्या घरात ठेवू नका. पण चष्मा, स्वेटर, खुणांची बाटली तिला विचारल्याशिवाय हलवायची नाही.

कुंकू-बांगड्यांचंही तसंच. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ ला विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, पाठोपाठ सरकारचं परिपत्रकही निघालं. चांगलंच झालं. मात्र एखादीला स्वतःहून मंगळसूत्र काढावंसं वाटलं, तर तिच्यावर सुधारणाही लादू नये. (ठराव झालेल्या गावातही विधवेला हळदीकुंकवाचं बोलावणं जातं का, ते बघा.)

कागदांचं थोडक्यात. मृत्यूची नोंद २१ दिवसांत, दाखल्याच्या आठ-दहा प्रती. त्याच्या पासबुकात मे-जूनच्या पानावर ४३६ रुपयांची वजावट दिसली, तर तो प्रधानमंत्री जीवनज्योती योजनेचा विमा: आजाराने मृत्यू झाला तरी दोन लाख मिळतात, दावा शक्यतो ३० दिवसांत करावा. नुसते २० रुपये कापलेले असतील तर तो अपघाताचा, इथे लागू नाही. बँकेत तिच्यासोबत जा. फॉर्मवर "मयत" हा शब्द स्वतःच्या हाताने लिहिताना पेन अडतं.

काळजी कधी करायची? सहा महिने उलटूनही रोजचं काहीच हातून होत नसेल तेव्हा. "मलाही न्या" असं म्हणाली तर सहा महिने नव्हे, त्याच दिवशी डॉक्टर गाठा, तिला एकटी सोडू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलतात.

आणि भेटायला जायचं तर महिन्यानंतर जा, गुरुवारी. जेवायला बसवलंच तर भाजी अळणी असेल, हात अजून त्याच्या पथ्याच्याच मापाने चालतो. मीठ मागून घ्या.