गोव्याच्या वाटेवरचं खानापूर : दोन दिवस, एक बाईक आणि एक माठ

आमचा जन्म बेळगावातला, आणि खानापूरची ओळख काय तर गोव्याला जाताना चहाला थांबायचं गाव. डिसेंबरात कोल्हापूरचा मावसभाऊ आलेला, त्याला गोवाच पाहिजे होता, मी म्हटलं गोवा कुठं पळून जात नाही, दोन दिवस खानापूर तालुका फिरू. तर म्हणतो कसा, "खानापुरात काय हाय रे बघायला?" खरं सांगायचं तर मला पण धड उत्तर देता येईना, म्हणून शनिवारी सकाळी सातला बाईक काढली.

बेळगाव ते खानापूर साधारण २६ किमी, रस्ता आता मस्त रुंद झालाय, गणेबैलला टोल आहे पण बाईकला काही नाही. सकाळी धुकं भरपूर असतं, जॅकेट घ्याच, आम्ही शहाणपणा करून घेतलं नाही आणि खानापूर येईपर्यंत हाताची बोटं वाकेनात. बसनं येणार असाल तर बेळगावच्या सीबीटीवरून, म्हणजे मोठ्या बसस्टँडवरून, गाड्या सारख्या असतात. बायकांसाठी एक गोष्ट, सरकारी बसमध्ये फुकट प्रवासाची कर्नाटकाची शक्ती योजना फक्त कर्नाटकातला पत्ता असलेल्यांना, कोल्हापूर-सांगलीकडनं येणाऱ्या मावश्यांनो आधार दाखवून वाद घालू नका, तिकीट काढा.

गाव तसं छोटंच, नगरपंचायत, तहसील, कोर्ट, स्टँड, मधनं मलप्रभा. मात्र तालुका अवाढव्य, दोनशेच्या वर गावं, पूर्वेला काळी-तांबडी सपाट शेतं आणि पश्चिमेला थेट सह्याद्रीचं रान. पाट्या कन्नडमध्ये, बोलणं मराठीत. चहाच्या गाड्यावर एका आजोबांनी "कुठं जाऊलासा?" विचारलं आणि भाऊ हसायलाच लागला, त्याला आमची ही 'जाऊलास, करूलास' वाली मराठी फार गोड वाटते म्हणे. आजोबांनी त्याची गाडी एमएच पासिंगची बघितली आणि मग विषय निघायचा तो निघालाच. १९५६ आधी हा सगळा भाग मुंबई राज्यात, १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात गेला. पुढं सीमाप्रश्नावर नेमलेल्या महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालानं बेळगाव कर्नाटकाकडं ठेवा पण खानापूर, नंदगड, निपाणी महाराष्ट्राला द्या म्हटलेलं, महाराष्ट्राला तो अहवालच मान्य नव्हता, त्यामुळं सगळं आहे तिथंच राहिलं आणि २००४ पासून केस सुप्रीम कोर्टात. आजोबा हे सगळं तोंडपाठ सांगत होते, आणि मधेच गाडेवाल्याशी झकास कन्नडमध्ये उसनवारीचा हिशेब करून परत आमच्याशी मराठीत. भाऊ बघतच राहिला.

खानापूरचं खरं नाव मातीसाठी. इथली चिकणमाती कौलांना आणि मडक्यांना एक नंबर, म्हणून तर कौलांचे कारखाने इथं आले आणि खादी ग्रामोद्योग आयोगाची सेंट्रल व्हिलेज पॉटरी इन्स्टिट्यूटपण इथंच आहे. ती बघायची तर कामाच्या दिवशी या, आम्ही रविवारी परतताना गेलो आणि गेटवरनंच माघारी आलो, चूक आमचीच. पण शनिवारी एका कुंभारकाकांच्या अंगणात तासभर बसायला मिळालं ते त्याहून भारी. चाक आता मोटरवर फिरतं, त्याचं काय एवढं कौतुक नाही. बघायचं ते पुढचं काम. चाकावरनं उतरलेला माठ जाड बुडाचा, बुटका असतो, जरा सुकला की काका तो मांडीवर घेतात, आत डाव्या हातात दगडाचा गोटा धरतात आणि बाहेरनं लाकडी फळीनं थाप थाप थाप, गोटा आणि फळी बरोबर समोरासमोर, मधे फक्त माती. थापेगणिक माठ फुगत जातो, पातळ होत जातो, आणि काका आमच्याशी गप्पा मारतायत, नजर रस्त्यावर. मी विचारलं जाडी कशी कळते, तर म्हणाले आवाजावरनं. मग दोन वेगवेगळ्या जागी थाप मारून दाखवली, एक बद्द, एक जरा टणक. मला काही फरक कळला नाही, भाऊ म्हणतो त्याला कळला, थापा मारतोय. आता स्लॅबची घरं झाली, कौलं कोण घेतंय, पण उन्हाळ्यात माठ अजून जातात म्हणाले. इथंच मी दोन माठ घेऊन टाकले. ही दुसरी चूक, माठ शेवटी घ्या.

तिथनं असोगा, गावापासून चार-पाच किमी, मलप्रभेच्या काठावर रामलिंगेश्वराचं देऊळ, खडकातनं पाणी, सावली, शांत. पाण्यात उतरायचं असेल तर कडेकडेनं, खडक शेवाळलेले आहेत आणि मधे डोह आहेत. शनिवारी सकाळी चिटपाखरू नव्हतं, रविवारी म्हणे डबे घेऊन बेळगाव लोटतं.

दुपारी नंदगड. कित्तूरच्या राणी चन्नम्माचा सरदार संगोळ्ळी रायण्णा, १८२४ च्या कित्तूरच्या लढाईनंतर याच रानात राहून त्यानं इंग्रजांना सळो की पळो केलं, शेवटी १८३० मध्ये दगाफटक्यानं धरला आणि २६ जानेवारी १८३१ ला इथं नंदगडला फाशी दिली. समाधीजवळ मोठा वड आहे आणि त्याच्या फांद्यांना छोटे छोटे लाकडी पाळणे टांगलेले, मूल व्हावं म्हणून नवस. हावेरीकडनं एक आख्खी गाडी भरून माणसं आलेली, त्यातली एक म्हातारी माझ्याशी कन्नडमध्ये बोलत होती, मी मोडक्या कन्नडमध्ये, आणि तिनं पिशवीतनं काढून हातावर शेंगदाण्याची चटणी-भाकरीच ठेवली. भाऊ म्हणाला हिला सांग कोल्हापूरचा आहे. सांगितलं. तिनं त्याला अजून एक भाकरी दिली.

नंदगडहून पुढं हलशी. रस्ता बारीक, त्यात सुगीचे दिवस, लोकांनी भात रस्त्यावरच पसरलेलं असतं, मळणीचं मशीन निम्मा रस्ता अडवून, हॉर्न वाजवू नका, थांबा, ते बाजूला घेतात. हलशी आज खेडं आहे, पण पलाशिका नावानं कदंब राजघराण्याची ही दुसरी राजधानी, पाचव्या-सहाव्या शतकातली. काकुस्थवर्मा, मृगेशवर्मा, रविवर्मा यांचे ताम्रपट इथं सापडले, त्यात जैनांना दिलेली दानं आहेत. आता जे मोठं देऊळ बघायला लोक येतात ते भूवराह नरसिंहाचं, ते बरंच नंतरचं, बाराव्या शतकातलं, गोव्याच्या कदंबांच्या काळचं. याची गंमत म्हणजे दोन गाभारे समोरासमोर, मधे मंडप. एकीकडं शांत बसलेला विष्णू आणि समोर भूदेवीला उचलून धरलेला पुरुषभर उंचीचा वराह, अंग माणसाचं आणि मुस्काट रानडुकराचं. मंडपात उभं राहून एकदा इकडं एकदा तिकडं मान वळवत राहायचं. गाभारा बंद होता, शेजारच्या घरात विचारलं तर पोरगं धावत जाऊन पुजारीकाकांना घेऊन आलं. जेवायची सोय हलशीत धरून चालू नका, नंदगडला किंवा खानापुरात पोट भरून जा.

मुक्काम खानापुरात लॉजवर. लॉजबद्दल न बोललेलं बरं, बादलीभर गरम पाणी मागितलं तर "बेळगावास जावा की" असं उत्तर मिळालं. जमत असेल तर सरळ बेळगावात परत जाऊन झोपा, तासाभराचा तर प्रश्न आहे.

रविवारी जांबोटी रस्ता धरला. जांबोटीत पेट्रोल, पाणी, पैसे सगळं आटपून घ्या, पुढं रेंज येते-जाते. वाटेत हब्बनहट्टीला मलप्रभेच्या पात्रातच मारुती आहे, पावसाळ्यात पाण्याखाली जातो, डिसेंबरात आरामात दर्शन. त्यापुढं रान दाट होत जातं. भीमगड अभयारण्याची २०११ मध्ये घोषणा झाली, १९० चौ. किमी आहे, आत शिवकालीन किल्ला आहे आणि बारापेडेच्या गुहांत राँटन वटवाघूळ म्हणून जगात फार थोड्या ठिकाणी सापडणारी जात. आत जायचं तर वनखात्याची परवानगी लागते, यूट्यूब बघून आडवाटेनं घुसू नका. पावसाळ्यात धबधब्यांवर पण बंदी घालतात, आधी चौकशी करा. आत गवाळी, कोंगळा, पास्तोली अशी गावं आहेत, पावसात ओढे भरले की या माणसांना दवाखान्यापर्यंत पेशंट खांद्यावर आणावा लागतो. आपण जिथं रील काढायला जातो तिथली ही गोष्ट.

कणकुंबी. समुद्रसपाटीपासून ८०० मीटरच्या आसपास, पाऊस असा की घरांच्या भिंतींना पावसाळ्यात झडपं बांधतात. माउलीच्या देवळाजवळ मलप्रभेचं उगमाचं कुंड. कुंड बघून भाऊ म्हणाला, "एवढंच?" एवढंच. खानापुरातनं जाणारी, असोग्याला डोह करणारी, पुढं सौंदत्तीच्या धरणात अडणारी आणि सुमारे ३०० किमी जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळणारी नदी इथनं निघते. आणि याच तालुक्यात, भीमगडच्या रानात, म्हादई उगवते, ती उलटी पश्चिमेला, गोव्यात मांडवी होऊन समुद्रात. कणकुंबीजवळ म्हादईला मिळणाऱ्या कळसा नाल्याचं खोदलेलं कालव्याचं काम दिसतं. पश्चिमेला जाणारं पाणी पूर्वेकडं मलप्रभेत वळवायचं, हुबळी-धारवाडला प्यायला, त्यावरनं गोवा आणि कर्नाटकाची भांडणं. २०१८ मध्ये म्हादई पाणी लवादानं कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं, तरी भांडण चालूच. कुंडाजवळ कपडे वाळत घालणाऱ्या एका मावशींना विचारलं, पाण्याचं काय होणार? म्हणाल्या, "एप्रिलात या, आमच्याच नळाला किती येतंय बघा."

चोर्ल्याच्या घाटाच्या तोंडाशी भाऊनं गाडी थांबवली, खाली गोवा दिसत होता. म्हटलं जाऊया का? नको म्हणाला, माठ आहेत.

माठांचं सांगायचं राहिलं. दोन दिवस ते पाठीमागं बांधून हलशीचे खड्डे आणि जांबोटीची वळणं, एक तडकला तो तडकलाच. दुसरा घरी पोचला. मी लगेच प्यायचं पाणी भरायला गेलो तर आईनं हात धरला, आधी बादलीत बुडवून रात्रभर ठेव म्हणाली, आणि मग माठाला बोटानं टिचकी मारून कान लावला.