रुसलेला बांगडा

थायलंडमधल्या हुआ हिनच्या बाजारात बांबूच्या छोट्या गोल टोपल्या एकावर एक रचलेल्या असतात. दर टोपलीत दोन नाहीतर तीन मासे, आपल्या बांगड्याचे सख्खे नाही तरी चुलत भाऊ नक्की शोभतील असे. खाऱ्या पाण्यात शिजवलेले, चकचकीत, आणि सगळ्यांच्या माना खाली मोडलेल्या. आयुष्यभर बांगडा सरळ मानेचाच बघितलेला. त्यामुळे पहिल्यांदा पाहिले तेव्हा वाटलं, यांचं काहीतरी बिनसलंय.

या माशाचं नाव प्ला थू. त्याच्याकडे मी पुन्हा येईनच, कारण थायलंडमधल्या सत्तावन्न दिवसांत मी जे काही शिकले त्यातलं बरंचसं त्याच्याकडून.

सत्तावन्न यासाठी, की आम्ही गेलो तेव्हा भारतीयांना व्हिसाशिवाय साठ दिवस राहू देत होते आणि नवरा बँकेतून निवृत्त झालेला असल्यामुळे तीन दिवस हाताशी राखून ठेवणं ओघानं आलंच. मीही शाळेतून मोकळी झाले होते. मुलगी म्हणाली, आठ दिवसांची टूर कसली करता, जाऊन राहा की. मग आम्ही बँकॉकहून रेल्वेने दोनेकशे किलोमीटर दक्षिणेला, हुआ हिनला आलो, समुद्रापासून दोन गल्ल्या आत एक खोली घेतली. खोलीत एक पलंग, एक शेगडी, एक खुर्ची. एकच खुर्ची, हे महत्त्वाचं.

पहिला आठवडा सुट्टीसारखा गेला. वाळूवर घोडे फिरवतात ते बघितले, नारळपाणी प्यायलो, राजवाड्याच्या बाजूने चक्कर मारली. या राजवाड्याचं नाव क्लाय कांगवोन, म्हणजे ‘चिंतेपासून दूर’. राजे प्रजाधिपक २४ जून १९३२ रोजी इथेच मुक्कामाला होते आणि म्हणे गोल्फ खेळत होते, तेवढ्यात तिकडे बँकॉकमध्ये क्रांती होऊन त्यांची अनिर्बंध सत्ता संपली. नवऱ्याला ही गोष्ट फार आवडली. मला तेव्हा नुसतीच गंमत वाटली होती.

दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की चौतीस वर्षांच्या संसारात सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळात आम्ही दोघं एका खोलीत कधी नव्हतोच. रविवारी असायचो, पण रविवारी घरात माणसं असतात. इथे कुणी बेल वाजवत नव्हतं. गॅसवाला नाही, सोसायटीची मीटिंग नाही, ‘काकू, तुमच्याकडे दही आहे का’ नाही.

डोंबिवलीच्या घरात रुसायची उत्तम सोय आहे. स्वयंपाकघर आहे, गॅलरी आहे, समोरचा ब्लॉक आहे. आणि रुसवा निघायचीही सोय आहे: अकरा वाजता मावशी येतात आणि ‘ताई, साहेबांना चहा टाकू का?’ असं मला विचारतात. मी ‘विचारा त्यांनाच’ म्हणते, तो आतून ‘टाका’ म्हणतो, झालं. दोघांनाही माघार न घेता बोलणं सुरू होतं. हुआ हिनमध्ये मावशी कुठून आणायच्या?

आमचं भांडण झालं ते सूर्यावरून. मी मूळची रत्नागिरीची. माझ्या लेखी समुद्र म्हणजे संध्याकाळ. सगळी कामं आटोपून, केस विंचरून भाट्याच्या किनाऱ्यावर जायचं आणि सूर्य पाण्यात जाताना बघायचा. हुआ हिनचा समुद्र पूर्वेला. तिथे सूर्य पाण्यातून वर येतो आणि संध्याकाळी आपल्या पाठीमागे, दुकानांच्या आणि डोंगरांच्या पलीकडे गुपचूप मावळतो. संध्याकाळी वाळूवर उभं राहिलं की समोर नुसतं करडं होत जाणारं पाणी. मला ते उलट्या अंगाने घातलेल्या कपड्यासारखं वाटायचं. नवरा मात्र हरखला होता. रोज पावणेसहाला मला हलवायचा. ‘अगं ऊठ, उगवतोय.’

एकोणिसाव्या दिवशी मी पांघरुणातूनच म्हणाले, ‘अरे, तो उद्याही उगवणार आहे.’

एवढंच. पण आवाज जरा चढला असावा. तो एकटा गेला, एकटा आला, आणि खुर्चीत बसला. मी पलंगावर. दुपारपर्यंत पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

भाजी संपली होती म्हणून शेवटी दोघं बाजारात गेलो, एकमेकांपासून चार पावलं अंतर ठेवून. छात्चाय नावाचा जुना बाजार आहे. छत्र अधिक जय, म्हणजे आपलेच शब्द तिकडे जाऊन वेगळी चाल शिकलेत. तिथली मासेवाली माझ्याहून थोडी मोठी. अशा बाईला तिकडे ‘पा’ म्हणतात, म्हणजे मावशीच. मी टोपलीकडे बोट दाखवून मानेची खूण केली: असं का? ती हसली आणि म्हणाली, ‘ना ङो, खो हाक.’ मग तिने स्वतःचं तोंड वाकडं केलं, ओठ खाली ओढले, मान मोडून छातीवर टेकवली. ‘तोंड वाकडं, मान मोडकी’ अशी त्या माशाची तिकडे ख्यातीच आहे. खरं कारण साधं: टोपली लहान, मासा लांब, मान वाकवल्याशिवाय मावत नाही. पण या ‘पा’नं तेवढ्यावर सोडलं नाही. तिने हळूच माझ्यामागे बघितलं, चार पावलांवर उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याकडे हनुवटी केली आणि म्हणाली, ‘प्ला थू.’

मला हसू आवरेना. त्याला कळलं नाही, पण सगळी आळी हसतेय म्हटल्यावर त्यालाही हसावं लागलं. मावशी मिळाल्या होत्या.

त्या संध्याकाळी मी त्या माशाचं तिखलं करायला घेतलं. बरोबर आमसुलं आणली होती, मसाला होता. पण आधीच शिजलेला मासा पुन्हा रसात उकळला की त्याचं काय होणार? काटे वेगळे, मांस वेगळं, आणि खारट इतकं की विचारू नका. घरमालकीण वास घेत वर आली, पातेल्यात डोकावली आणि काही न बोलता खाली जाऊन स्वतःची कढई घेऊन आली. प्ला थू नुसता तेलात कुरकुरीत तळायचा आणि कापीच्या ठेच्याबरोबर खायचा. कापी म्हणजे आंबवलेल्या बारीक कोळंबीचा गोळा. सुक्या जवळ्याची चटणी खाऊन वाढलेल्या माणसाला तो वास परका नाही. नवऱ्याने चार मासे खाल्ले. हिशेबाच्या वहीत मात्र ‘बांगडा’ असंच लिहिलं.

त्यानंतर आमच्याकडे रुसव्याला प्ला थू म्हणायची पद्धत पडली. ‘काय, प्ला थू का?’ असं विचारलं की समोरच्याला निदान ‘नाही’ म्हणायला तोंड उघडावं लागतं. सूर्याचंही ठरलं: एक दिवस त्याने एकट्याने जायचं, एक दिवस मी बरोबर. मी गेले त्या दिवशी तो वाटेत एक शब्दही बोलायचा नाही, मी विचार बदलेन या धाकाने.

शेवटचे तीन आठवडे आणखी दक्षिणेला, प्राचुआप खिरी खानला काढले. खिरी म्हणजे गिरी, आणि खरोखरच खाडीच्या दोन्ही टोकांना समुद्रात उतरलेले डोंगर आहेत. गाव झोपाळू, हुआ हिनपेक्षा मला दसपट आवडलं. जवळची आओ मनाओ, म्हणजे लिंबाची खाडी, हवाई दलाच्या तळात आहे. पोहायला जाताना चक्क धावपट्टी ओलांडावी लागते. या भागात थायलंड इतका चिंचोळा होतो की एका ठिकाणी समुद्र आणि म्यानमारची हद्द यांत जेमतेम अकरा-बारा किलोमीटर उरतात. सूर्य त्या डोंगरांमागे जातो. म्हणजे म्यानमारमध्ये, मग बंगालच्या उपसागरावर, आणि असा करत करत आईकडे.

तिचं घड्याळ आमच्या दीड तास मागे. इकडे दिवेलागण झाली की मी फोन लावायचे, तिच्याकडे चहा उकळत असायचा.

‘तिकडे बांगडा मिळतो का गं?’ तिने एकदा विचारलं.

‘मिळतो, पण रुसलेला.’

‘मग तळून टाक.’ आणि लगेच, ‘ऊन आहे का अजून तुझ्याकडे?’

‘नाही, मावळला मघाशीच.’

‘इथे आहे हो,’ ती म्हणाली. ‘पार ओटीपर्यंत आलंय. आता हे वाळवण तेवढं आत घेते, ठेव फोन.’