उभं राहणं बी शिका लागते बाप्पा

रील पाहून डान्स शिकलेला माणूस मी आता दुरून ओळखते. हात एकदम बरोबर असतात, बोटं, मान, डोळा मारणं सगळं जिथल्या तिथं, अन् कमरेच्या खाली काही चालूच नसते, पाय नुसते सोबत आलेले. गणपतीत पाहा, हळदीत पाहा, शाळेच्या गॅदरिंगमध्ये पाहा, हेच. पोट्ट्यांचा काही दोष नाही म्हणा, मोबाईलमध्ये नजर जाते ती चेहऱ्यावर अन् हातावर, पाय कोण पाहते.

मी अंगणवाडी सेविका, वय चाळीसच्या आसपास, गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या धानपट्ट्यात, आमच्या भाषेत झाडीपट्टीत. गेल्या पावसाळ्यापासून रविवारी तालुक्याला कथ्थकच्या क्लासला जाते. राईस मिलच्या वरच्या मजल्यावर एक लांबलचक खोली आहे तिथं, खाली मशीन चालू असली की फरशी थरथरते. बहुतेक सगळ्या सातवी-आठवीच्या पोरी अन् आम्ही तिघी मोठ्या बाया मागच्या लाईनीत. "या वयात?" हे सगळ्यांचं विचारून झालं आहे, त्याच्यावर वेगळं लिहीन कधीतरी, आज फक्त अंगाबद्दल.

मॅडमनी पहिल्या दिवशी स्टेप दिलीच नाही. पाय जुळवून उभ्या राहा म्हणाल्या, डोळे मिटा, अन् सांगा तुमचं वजन कुठं आहे. माझ्या बाजूची म्हणाली, "बासष्ट किलो." पोरी खो खो हसल्या, मॅडमपण हसल्या. पण त्यांचा प्रश्न असा होता की ते बासष्ट किलो तळव्याच्या कोणत्या भागावर टेकले आहेत. तळव्याला तीन टेके असतात, टाच, अंगठ्याचं मूळ अन् करंगळीचं मूळ, अन् वजन या तिघांत वाटलेलं पाहिजे. आमचं कोणाचंच नव्हतं. मग त्यांनी दाराशी काढलेल्या आमच्या चपला उचलून उलट्या करून दाखवल्या. माझ्या डाव्या चपलेची टाच बाहेरच्या बाजूनं पार घासून गुळगुळीत, अन् उजवीवर अजून नक्षी दिसत होती. इतकी वर्षं मी सगळं गाव एका पायावर फिरून राहिली अन् मला पत्ता नाही! तुमची चप्पल पाहा एकदा उलटी करून, खरंच पाहा.

त्याच्यानंतर बरेच रविवार एकच काम. वजन डावीकडं न्या, उजवीकडं न्या, पुढं न्या, मागं न्या, पाय न उचलता. दिसायला काहीच नाही, बाहेरून पाहणाऱ्याला वाटंल या बाया बसची वाट पाहून राहिल्या. पण सगळा नाच याच्यावर उभा आहे हे मला तत्कार सुरू झाल्यावर समजलं. तत्कार म्हणजे कथ्थकमधलं पायांचं पहिलं काम, ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्, तीनतालाच्या सोळा मात्रांत, म्हणजे सोळा ठोक्यांत, ते दोनदा बसते. पाय असे पडतात: उजवा डावा उजवा डावा, मग डावा उजवा डावा उजवा. आता नीट पाहा, चौथ्या मात्रेला डावा, अन् पाचव्याला परत डावाच. तिथंच सगळे पडतात. कारण आपण चालताना जो पाय टाकला त्याच्यावर वजन टाकून मोकळे होतो, अन् वजन टाकलेला पाय उचलता येत नाही, मग माणूस मधातच एक छोटी उडी मारते नाही तर सरळ उजवा टाकून देते. चौथ्या मात्रेला डावा पाय वाजवायचा, आवाज पूर्ण आला पाहिजे, पण वजन उजव्यावरच ठेवायचं. वाजवणं वेगळं अन् वजन देणं वेगळं. हे डोक्याला दोन मिनिटात समजते, पायाला समजायला दिवाळी आली.

आवाजाचं सांगते. लहानपणापासून आजी, आई, मोठ्याई, सगळ्यांनी एकच शिकवलं, "पाय आपटत चालू नोको वो, पोरीच्या जातीले शोभत नाही." अन् इथं चाळिशीत मॅडम ओरडून राहिल्या की आवाज येत नाही, आवाज काढा! पूर्ण तळवा एकदम सपाट पडला पाहिजे, टाच आधी नाही बोटं आधी नाही. माझा पाय जमिनीजवळ आला की आपोआप हळू व्हायचा, मी ठरवून नाही करत होती, पायच घाबरायचा. आम्हा तिघी बायांचं तेच, अन् पुढच्या पोरी मात्र धाडधाड. एक दिवस खाली मिल चालू होती, आवाज इतका की आमचं आम्हाला ऐकू येईना, मॅडम म्हणाल्या आता मारा, कोणी ऐकत नाही. त्या दिवशी पाय पहिल्यांदा मोकळा पडला. तळवे लाल झाले अन् तिघीपण घामाघूम, पण काय मजा आली सांगू.

अन् सगळं जोर लावून नसते बरं का. पाय जास्त उचलला तर आवाज मोठा नाही येत, उलट ताल मागं पडते. थोडाच उचलायचा अन् सोडायचा, ढकलायचा नाही.

आमच्याकडं सिमेंटची फरशी, अन् त्याचा त्रास होते. सिमेंट काही दबत नाही, पायाचा मार परत पायातच येते, नडगीच्या पुढच्या हाडाला ठणका लागते. मोठ्या शहरातल्या डान्स स्टुडिओत लाकडाची फ्लोअरिंग असते, खाली थोडी जागा सोडलेली, ती थोडी दबते, म्हणून तिथं तासन् तास नाचता येते. आपल्याकडं त्याचा उपाय शेणानं सारवलेलं अंगण! मी घरी रियाज अंगणातच करते, पहाटे, उन्हाळ्यात तर सात वाजले की संपलं, पंचेचाळीस डिग्रीत कोण नाचते. अंगणात आवाज कमी येते पण नडगी वाचते. दुखण्याबद्दल एक गोष्ट नवीन शिकणाऱ्यांना माहीत पाहिजे: पोटऱ्या, मांड्या दोन्हीकडं सारख्या जड झाल्या, अन् ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त वाटलं तर घाबरायचं नाही, स्नायू नवीन कामाला लागले की तसं होते, आपोआप जाते. पण एकाच बाजूला, सांध्यात, टोचल्यासारखं दुखलं तर थांबा, अन् नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट ठेवलं की दुखत असंल तर डॉक्टरला दाखवा. "दुखू दे, सवय होते" म्हणणाऱ्याचं ऐकू नका, मग तो गुरू का असेना.

गुडघ्याचंपण तेच. आमच्या क्लासमधली एक पोरगी आधी भरतनाट्यम शिकत होती, ती गुडघे बाहेर काढून अर्ध्या बैठकीत बसून दाखवते, अरमंडी म्हणतात त्याला, लय सुंदर दिसते. मग सगळ्या पोरी तिची नक्कल करून पावलं जबरदस्तीनं बाहेर फिरवतात अन् गुडघे राहतात पुढंच. पाय फिरतो तो खुब्यातून. गुडघा बिजागरीचा सांधा, तो मुख्यतः पुढं-मागं चालते, त्याला पिळला की वाट लागते. खूण सोपी आहे, गुडघा वाकवला की तो अंगठ्याच्या बाजूच्या बोटाच्या रेषेत आला पाहिजे, आत पडला नाही पाहिजे. जेवढं खुब्यातून येते तेवढंच बाहेर, बाकी देवाची मर्जी.

अंगणवाडीत मी आता मुलांना वेगळ्याच नजरेनं पाहते. तीन वर्षाचं पोरगं खालचा खडू उचलायला कमरेतून नाही वाकत, पूर्ण उकिडवं बसते, टाचा जमिनीवर, पाठ सरळ, अन् हात न टेकता उठते. कोणी शिकवलं त्याला? कोणीच नाही. अन् आपण काय करतो, हाताची घडी तोंडावर बोट. मी ते बंद केलं आहे. बडबडगीत घेताना आधी पायांचं घेते, डुलणं, बसणं, उठणं, एका पायावर बगळा, अन् हातवारे मागून. पर्यवेक्षिका मॅडम आल्या त्या दिवशी सगळी अंगणवाडी बगळा होऊन उभी होती.

एका पायावर उभं राहणं साधं वाटते ना, डोळे मिटून करा मग. डोळे उघडे असले की नजर आपल्याला सांभाळते. मिटले की काम दोघांवर पडते, एक कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग, दुसरं स्नायू अन् कंडरांमधले बारीक सेन्सर, जे मेंदूला सारखं कळवत असतात कोणता सांधा किती वाकला, कुठं किती ताण आहे. फिजिओथेरपीवाले याला प्रोप्रिओसेप्शन म्हणतात. घोटा मुरगळला की ते बिघडते, म्हणून मुरगळलेला पाय पुन्हा पुन्हा मुरगळते, अन् त्याच्यावर व्यायाम हाच की त्या पायावर उभं राहा. माझा उजवा घोटा मागं रोवणीच्या (धान लावणीच्या) वेळी धुऱ्यावरून, म्हणजे बांधीच्या बांधावरून, घसरून मुरगळला होता, तेव्हा तेल लावलं, पट्टी बांधली, झालं. आता कळते मी तेव्हापासून उजव्यावर भारच देत नव्हती, चपलेचं कोडंपण तिथंच सुटलं. रोज दात घासताना उजव्या पायावर उभी राहते आता, सासूबाई म्हणतात, "कायची भक्ती चालू आहे वो सकाळी सकाळी?"

धुऱ्यावरून आठवलं. आमच्या गावच्या बाया डोक्यावर पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, जुड्या घेऊन वीतभर रुंद, ओल्या, घसरत्या धुऱ्यावरून गप्पा मारत जातात, मान स्थिर, कंबर मोकळी, पाय अंदाज घेत घेत, वजन पूर्ण टाकायच्या आधी माती चाचपतात. मॅडम जे रविवारी तासभर समजावतात ते या बाया रोजमजुरीवर करतात. पण त्यांनाच सांगा लग्नात नाचा, तर खांदे कानापर्यंत जातात, पदर दातात अन् अंग आक्रसून घेतात. अंगाला येते, पण लोक पाहून राहिले म्हटलं की सगळं जाते. म्हणून मला तरी वाटते की आपल्याकडं बाईला नाच शिकवायचा म्हणजे अर्धा वेळ फक्त अंग सैल करण्यात जाणार, अन् जाऊ द्यावा.

आमच्याकडं नाचाची कमी नाही तसं पाहिलं तर. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, दंडार असते, आमचं नाच-गाण्याचं लोकनाट्य, रात्रभर. आमच्या गावातले एक आजोबा आहेत, सत्तरीचे, दंडारीत बाईचं सोंग घ्यायचे तरुणपणी. त्यांना मी तत्कार करून दाखवला. ते म्हणाले, "पाय चांगला वाजते पोरी, पण तू वर लटकून राह्यली, खाली बस ना थोडीशी." अन् गुडघे किंचित वाकवून, नुसती कंबर जड करून, दोन पावलं टाकून दाखवली. बस. माझे खांदे चढले होते अन् श्वास कोंडलेला होता, ते त्यांनी बसल्या जागी ओळखलं. गडचिरोलीकडं माडिया-गोंड लोकांचा रेला नाच पाहिला तर तिथं हातात हात गुंफून ओळ चालते, त्यात तर लपताच येत नाही, तुमचं वजन उशिरा सरकलं की बाजूच्याच्या हाताला झटका लागते. आरशापेक्षा ते चांगलं वाटते मला.

आमच्या खोलीत आरसा नाहीच. आधी कमी वाटायची, आता नाही. आरसा असला की माणूस स्वतःला पाहत बसते, आतून काय होऊन राहिलं ते कळत नाही. त्याच्याऐवजी महिन्यातून एकदा मोबाईल बाजूला खुर्चीवर ठेवून व्हिडिओ काढते, समोरून नाही, बाजूनं. समोरून आपण सगळे बरे दिसतो. बाजूनं पाहिलं की हनुवटी पुढं गेलेली, पोट सुटलेलं, कोपर पडलेलं सगळं दिसते. कथ्थकमध्ये उभं राहताना हात छातीसमोर, कोपरं उचललेली, हे एक मिनिट धरून पाहा, कोपरं पडतात, मग ती उचलायला खांदे वर येतात, खांद्यापाठोपाठ श्वास अडकते अन् दात आवळले जातात. माझा उपाय म्हणजे बोल मोठ्यानं म्हणायचे, तोंडानं ता थेई थेई तत् चालू असलं की श्वास कोंडताच येत नाही.

सध्या गाडी चक्करवर, म्हणजे जागच्या जागी गोल फिरण्यावर, अडकली आहे. समोर एक जागा धरायची, आमच्याकडं भिंतीवरचं खताच्या कंपनीचं कॅलेंडर आहे, अंग फिरलं तरी नजर तिथंच ठेवायची, मान अगदी शेवटी सोडायची अन् सगळ्यात आधी परत आणायची. कानाच्या आत तीन बारीक नळ्या असतात पाणी भरलेल्या, गोल फिरवलेली बादली थांबवली तरी आतलं पाणी फिरत राहते ना, तसंच त्यातलं पाणी आपण थांबल्यावरही फिरते, म्हणून खोली फिरते. नजर एका जागी धरली की चक्कर कमी येते. पोरींना दोन रविवारात जमलं. माझी मान अंगासोबतच जाते अजून, चौथ्या फेरीला कॅलेंडरच सापडत नाही. मॅडम म्हणतात घाई नको, आधी एकच फेरी, थांबा, पाय पाहा, वजन कुठं आहे सांगा, मग दुसरी.

पुढचे काही रविवार क्लास बंद आहे, धान कापणी लागली. पोरींचा प्रारंभिकचा, म्हणजे पहिल्या परीक्षेचा, फॉर्म भरायचा आहे, गांधर्व महाविद्यालय मंडळाचा, अन् मॅडमनी माझंपण नाव लिहून टाकलं, न विचारता. नवऱ्याला सांगितलं तर ते म्हणाले, "फेल झाली त कोणाले सांगू नोको." मी म्हटलं, पास झाली तर?

"त सगळ्या गावाले मीच सांगतो."