राऊचा पालक

इंदूरला रामबागेत आमच्याकडे पालक यायचा तो जवळच्या राऊहून. मामांचा मळा आग्रा-मुंबई रस्त्याला अगदी खेटून. आजी पानं तीन पाण्यांतून काढायची. परातीच्या तळाशी काळपट गाळ बसायचा. "धूळ आहे गं," एवढंच म्हणायची.

त्या धुळीत शिसंही असणार, हे मला फार उशिरा कळलं. इंजिनानं ठोके मारू नयेत म्हणून पेट्रोलमध्ये टेट्राइथाइल लेड हे शिशाचं संयुग घालत. धुरातून ते रस्त्याकडेच्या मातीत बसे. (ट्रक डिझेलचे, हे पाप स्कूटर-मोटारींचं. बाबांची लॅम्ब्रेटाही त्यात आलीच.) देशभर ते बंद झालं १ फेब्रुवारी २००० ला. पण शिसं कुजत नाही, फारसं खोल झिरपतही नाही. वरच्या काही इंचांतच चिकटून बसतं. रस्त्यापासून लांब जाल तसं झपाट्यानं कमी होतं. मुळांतून पानांत थोडंच चढतं, खरी भानगड पानांना लागलेल्या मातीची. म्हणजे आजीचं बरोबरच होतं.

मामेभावाला फोन करून म्हटलं, रस्त्याकडची पट्टी भाजीला नको, शेवंती लाव.

"ताई, तिथे आता ढाबा आहे," तो म्हणाला.