डॉक्टरांनी कधी सांगितलंय का?

मामींच्या भावाने मामा-मामींची अमेरिकेची फाइल, म्हणजे ग्रीन कार्डचा अर्ज, भरली तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. ती उघडली, म्हणजे नंबर लागला, 2008 साली. मी चौथीत होते. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घराला कुलूप लागलं आणि दोघं न्यू जर्सीत एडिसनला गेली. 2014 मध्ये मामांना डायबिटीस निघाला, तोही बराच वाढलेला. आमच्याकडे सगळ्यांचं एकच म्हणणं: तिकडच्या खाण्याने झालं. आजी शेवटपर्यंत तेच म्हणत होती.

एम.एस्सी.च्या प्रबंधाचा विषय मला त्यावरूनच सुचला. महाराजा सयाजीराव विद्यापीठात मी फूड्स अँड न्यूट्रिशन शिकत होते (बडोद्यातली जुनी माणसं आमच्या फॅकल्टीला अजून होम सायन्सच म्हणतात). अमेरिकेत जाऊन जितकी जास्त वर्षं, तितका भारतीयांत डायबिटीस जास्त, हे मला आकड्यांनी दाखवायचं होतं.

तिकडे जाण्याची ऐपत नव्हती, पण गरजही पडली नाही. अमेरिकेत 1957 पासून नॅशनल हेल्थ इंटरव्ह्यू सर्व्हे चालतो. घरोघर जाऊन लोकांना तब्येतीचे प्रश्न विचारतात आणि ती माहिती, नाव-पत्ता काढून, सगळ्या जगाला फुकट देतात. मिनेसोटा विद्यापीठाच्या आयपम्स या साइटवर वेगवेगळ्या वर्षांच्या फायली एकसारख्या करून ठेवल्या आहेत. नाव नोंदवायचं, कशासाठी हवं ते लिहायचं, कुणाची ओळख शोधून काढणार नाही असं कबूल करायचं, हवी ती वर्षं आणि हवे ते प्रश्न निवडायचे. फाइल तयार झाली की मेल येतो. हे इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं. अवघड भाग पुढे होता.

पहिली अडचण, भारतीय कोण? ओळख उघड होऊ नये म्हणून जन्माचा देश फायलीत दिलेला नव्हता, फक्त भूभाग होता, आणि आपला भूभाग ‘भारतीय उपखंड’. म्हणजे लाहोर आणि ढाकाही त्यातच. वंशाच्या प्रश्नात ‘एशियन इंडियन’ असं वेगळं उत्तर होतं, पण त्यात तिथेच जन्मलेली मुलंही येत. शेवटी जन्म उपखंडातला आणि वंश एशियन इंडियन, अशी दोन्ही उत्तरं देणारेच घेतले. त्यांचे पुन्हा अमेरिकेतल्या वर्षांप्रमाणे गट पाडले: पाचच्या आत, पाच ते दहा, दहा ते पंधरा, पंधराच्या वर. एका वर्षाच्या फायलीत एकेका गटात इतकी थोडी माणसं उरली की त्यावरून काही बोलणं बरोबर नव्हतं. म्हणून 2010 ते 2017 अशी आठ वर्षं एकत्र केली.

इथे मी महिनाभर अडकले. सर्व्हेतल्या प्रत्येक माणसाला एक वेट असतं. तो एक माणूस किती जणांच्या वतीने बोलतोय, तो हा आकडा. त्या वर्षांत घरातल्या सगळ्यांची जुजबी माहिती घेत, पण डायबिटीससारखे प्रश्न घरातल्या निवडलेल्या एकाच प्रौढाला विचारत. त्यामुळे वेटही दोन. मी घरातल्या सगळ्यांचं वेट त्या एकट्याला लावून बसले होते. शिवाय आठ वर्षं जोडल्यावर वेटला आठने भागायचं असतं, नाहीतर माणसं आठपट दिसतात. आणि तिसरी चूक सगळ्यात चोरटी: मला भारतीयच हवेत म्हणून बाकीच्यांच्या ओळी मी आधीच पुसून टाकल्या. सर्व्हे थरांत आणि वस्त्यांच्या झुबक्यांत निवडलेला असतो. ओळी पुसल्या की काही झुबके अख्खेच नाहीसे होतात आणि अंदाजातली चूक किती, ते चुकीचं निघतं. अख्खी फाइल घेऊन आधी सर्व्हेची रचना सांगायची, मग त्यातला गट निवडायचा. आमच्या मॅडमनी माझ्या शेजारी बसून एकेक ओळ चालवून दाखवली तेव्हा ते डोक्यात शिरलं.

आकडे आले ते मला हवे तसेच. वर्षं वाढत होती तसा डायबिटीस वाढत होता. पण पंधरा वर्षं राहिलेला माणूस वयानेही मोठा असणारच. वयाचा हिशेब घातल्यावर फरक बराच खाली आला, तरी होता. मी खूश होते. मॅडमनी विचारलं, "मूळ प्रश्न वाचलायस का? शब्दन् शब्द?"

प्रश्न असा होता: डॉक्टर किंवा दुसऱ्या कुणा आरोग्य कर्मचाऱ्याने तुम्हाला डायबिटीस आहे असं कधी सांगितलंय का?

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी मामांना फोन लावला. त्यांच्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजले होते, ते स्टोअरमधून नुकतेच आले होते.

"मामा, असं समजा, 2012 मध्ये तुमच्या दारात कुणी आलं आणि हा प्रश्न विचारला. तुम्ही काय सांगितलं असतं?"

"नाही म्हणालो असतो."

"तपासणी केली होती?"

"कुठली गं? डॉक्टर कोण बघणार होता? स्टोअरमध्ये इन्शुरन्स नव्हता. 14 मध्ये ओबामाकेअर आलं तेव्हा पहिल्यांदा रक्त दिलं. तो डॉक्टर म्हणाला, हे आजचं नाही, जुनं आहे."

मी वहीत ते लिहीत होते आणि मामा पुढे म्हणाले, "रात्री चार-चार वेळा उठायचो. वाटायचं थंडीमुळे."

ग्रीन कार्डवर गेलेल्या बहुतेकांना 1996 च्या कायद्याप्रमाणे पहिली पाच वर्षं मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी विमा, मिळत नाही. व्हिसाच्या मेडिकलमध्ये छातीचा एक्स-रे असतो, लसी बघतात, साखर बघणं सक्तीचं नाही. म्हणजे मामा बडोद्याहूनच साखर घेऊन गेले होते का, हे कुणी पाहिलंच नव्हतं. माझ्या तक्त्यात ते पहिली पाच वर्षं निरोगी भरले असते आणि पुढच्या गटात आजारी. मी त्याला अमेरिकेचा परिणाम म्हणणार होते.

मग सगळं नव्याने मांडलं. गेल्या बारा महिन्यांत डॉक्टरकडे गेलात का, विमा आहे का, आजारी पडल्यावर जायची ठरलेली जागा आहे का, हे प्रश्न त्याच सर्व्हेत होते. डॉक्टरकडे गेलेल्यांतच तुलना केली तेव्हा नवे आणि जुने यांच्यातलं अंतर आणखी मिटलं. रक्त तपासणारा दुसरा सर्व्हे तिथे आहे, एनहेन्स. 2011 पासून काही वर्षं त्यात आशियाई लोक मुद्दाम जास्त घेत. पण सर्वांना मिळणाऱ्या फायलीत चिनी, फिलिपिनो आणि भारतीय एकाच गठ्ठ्यात. मला तो उपयोगी पडला नाही. इथल्या लोकांशी तुलना करावी म्हणून आपला राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हेही उघडून पाहिला. 2019-21 च्या फेरीत पंधरा वर्षांवरच्या सगळ्यांची साखर बोटातून रक्त घेऊन मोजली आहे. मोजलेलं एकीकडे आणि सांगितलेलं दुसरीकडे, ते शेजारी ठेवणं मला पटेना.

एक गोष्ट तर कुठल्याच फायलीत सापडणार नव्हती. आमच्याच गल्लीत एक काका आहेत. शिकागोत बावीस वर्षं राहिले, बायपास झाल्यावर परत आले. इथे मुलगी आहे, औषधं परवडतात. अमेरिकेच्या सर्व्हेत ते आता नाहीत. असे किती आजारी परत येतात आणि मागे उरलेल्यांचा आकडा किती सुदृढ करून जातात, हे मला मोजता आलं नाही. प्रबंधात मी त्यावर दोन पानं लिहिली. परीक्षकांना ती लांबलेली वाटली, पण मी ती काढली नाहीत.

प्रबंधाच्या नावात ‘डायबिटीस’ होतं, ते ‘निदान झालेला डायबिटीस’ केलं. अर्ज देऊन नाव बदलून घ्यायला तीन आठवडे गेले.

मामांना प्रत पाठवली. इंग्रजी आहे, सगळं वाचणार नाहीत, पण पहिलं पान लॅमिनेट करून भिंतीला लावलंय म्हणाले. मी मामींना फोनवर बोलावून तोच प्रश्न विचारला. "मला कुणी काही सांगितलं नाही बाई," त्या म्हणाल्या. शेवटचं रक्त कधी दिलं, ते त्यांना आठवेना. डिसेंबरात त्या येतायत. त्या दिवसांत बाहेरून आलेल्यांमुळे रावपुऱ्यातल्या लॅबमध्ये सकाळी बसायला जागा नसते, म्हणून एचबीए1सी, म्हणजे मागच्या तीन महिन्यांच्या साखरेच्या तपासणीसाठी, त्यांचं नाव मी आत्ताच लिहून आलेय.