‘सगळ्यांचे म्हणणे’ मांडताना

पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या सत्रात विभागाने विद्यार्थी प्रतिनिधीच्या जागेसाठी नावे मागवली, तेव्हा तो कागद तीन दिवस सूचनाफलकावर कोराच राहिला. चौथ्या दिवशी मी माझे नाव लिहिले. त्यामागे एक जुनी सल होती. पदवीच्या शेवटच्या वर्षी आमचा एक ऐच्छिक विषय अचानक बंद झाला, आणि ज्या बैठकीत तो निर्णय झाला तिथे विद्यार्थ्यांसाठी एक खुर्ची राखलेली असूनही त्या दिवशी ती रिकामीच होती, हे मला कित्येक महिन्यांनी कळले. कोणी बसले असते तर निर्णय बदललाच असता असे मी म्हणत नाही. पण निदान तो का घेतला जात आहे हे कोणीतरी विचारले असते. माझ्यानंतर आणखी एका विद्यार्थिनीने नाव दिले, चिठ्ठ्या टाकून मतदान झाले आणि मी निवडून आले.

निवडून आल्यावर नेमके काय करायचे असते, हे मात्र कोणी सांगितले नाही. हातात आले ते एक पत्र: समितीचे नाव, बैठकीची तारीख आणि वेळ. बैठकीच्या काही दिवस आधी विषयपत्रिका आली आणि तिच्यातील निम्मे शब्द मला परके होते. तेव्हा मी विभागाच्या कार्यालयात जाऊन मागील दोन वर्षांची इतिवृत्ते वाचायला मागितली आणि दोन दुपारी बसून ती वाचून काढली. त्या वर्षी मी केलेल्या कामांत हे सर्वांत उपयोगी ठरले, असे आजही मला वाटते. लेखी कामे तपासून वेळेवर परत मिळत नाहीत, ही तक्रार मी मोठ्या तयारीने मांडणार होते. ती दोन वर्षांपूर्वीच्या प्रतिनिधीनेही मांडली होती, तिच्यापुढे ‘याबाबत विचार करण्यात येईल’ अशी नोंद होती आणि त्यापुढच्या एकाही इतिवृत्तात तिचा उल्लेख नव्हता. त्या प्रतिनिधीने विषय सोडून दिला की त्याची मुदत संपली, हे कागदावरून समजण्यास मार्ग नव्हता. माझ्या जागेवरचा माणूस दर वर्षी बदलतो आणि समितीतील इतर माणसे तीच राहतात, ही गोष्ट तेव्हा पहिल्यांदा लक्षात आली.

पहिल्या बैठकीत आमचा विषय ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय’ या शेवटच्या कलमात घेण्यात आला. तोपर्यंत दोन सदस्य तासाला जायचे म्हणून उठले होते आणि उरलेले घड्याळाकडे पाहत होते. यात कोणाचाही कुटिल हेतू नव्हता. मी विषय लेखी दिला नव्हता, म्हणून तो विषयपत्रिकेत आला नव्हता. विषयपत्रिका निघण्यापूर्वी अर्ध्या पानाचे टिपण दिले की त्याला क्रमांक मिळतो, सदस्य ते आधी वाचून येतात आणि त्याचे उत्तर इतिवृत्तात नोंदवावेच लागते. हे कळायला मला एक बैठक खर्चावी लागली.

परंतु त्या बैठकीत माझ्याकडून झालेली खरी चूक वेगळीच होती. एका आठवड्यात तीन विषयांची लेखी कामे सादर करायची असल्याने वर्गात बरीच अस्वस्थता होती. मी उभी राहून म्हणाले, ‘‘सगळ्यांचे म्हणणे आहे की दोन कामांची मुदत एक आठवडा पुढे न्यावी.’’ अध्यक्ष असलेल्या मॅडमनी मला विचारले, ‘‘सगळ्यांचे म्हणजे किती जणांचे? हे तुमचे मत आहे की वर्गाचे?’’ मी क्षणाचाही विचार न करता ‘वर्गाचे’ असे उत्तर दिले. समितीने मागणी मान्य केली आणि दुसऱ्या दिवशी सूचना लागली. मला अतोनात आनंद झाला होता.

त्याच संध्याकाळी आमच्या वर्गातील एक विद्यार्थी मला भेटायला थांबला. तो दिवसा नोकरी करून शिकत होता, वयाने आमच्यापेक्षा बराच मोठा होता आणि वर्गात फारसा बोलत नसे. तो शांतपणे म्हणाला, ‘‘मी ठरलेल्या आठवड्यासाठी दोन महिने आधी रजा मंजूर करून घेतली होती. पुढच्या आठवड्यात मला रजा मिळणार नाही. तू माझ्या वतीने बोललीस, पण मला विचारलं नाहीस.’’ त्याच्या बोलण्यात राग असता तर मला कदाचित स्वतःचा बचाव करता आला असता. मी ज्यांना ‘सगळे’ म्हटले होते ते प्रत्यक्षात माझ्याबरोबर वाचनालयात बसणारे, माझ्यासारखेच पूर्ण वेळ शिकणारे दहा-बारा जण होते, हे त्या एका वाक्याने मला दिसले.

दुसऱ्या दिवशी मी विभागप्रमुखांकडे गेले आणि झालेली चूक सांगितली. त्यांनी दोन्ही तारखा खुल्या ठेवल्या आणि प्रत्येकाने आपली तारीख आधी कळवावी असे ठरले. पुढच्या बैठकीत ‘मागील बैठकीचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा पहिला विषय आला, तेव्हा मी हात वर करून माझ्या नावापुढील ‘सर्व विद्यार्थी’ हे शब्द बदलून ‘काही विद्यार्थी’ असे करावेत, अशी विनंती केली. असे केल्याने माझ्या शब्दाची किंमत कमी होईल अशी मला भीती होती. घडले ते उलट. त्यानंतर मी एखादी संख्या सांगितली की तिच्यावर कोणी शंका घेतली नाही.

यानंतर विचारण्याची पद्धत मी मुळापासून बदलली. तास संपल्यावर ‘कोणाला काही अडचण आहे का?’ असे शिक्षकांसमोर विचारले, तर अडचण असलेला विद्यार्थीही मान खाली घालतो. वर्गाच्या समूहसंदेशांत प्रश्न टाकला, तर दर वेळी त्याच आठ जणांची उत्तरे येतात आणि इतरांच्या गप्प बसण्याला संमती मानण्याचा मोह होतो. म्हणून मी चिठ्ठ्यांवर दोनच प्रश्न विचारू लागले: या विषयात काय चांगले चालले आहे, आणि काय बदलायला हवे. पहिला प्रश्न मी शिष्टाचार म्हणून ठेवला नव्हता. एका प्राध्यापकांच्या तासाबद्दल तक्रारी होत्या म्हणून त्यांनी आपली संपूर्ण पद्धत बदलली असती, तर त्यांचे प्रत्येक तासाअखेरचे दहा मिनिटांचे शंकानिरसनही गेले असते, आणि वर्गातल्या अनेकांचा खरा आधार तेच होते. चिठ्ठ्यांशिवाय मी संध्याकाळच्या प्रयोगशाळेबाहेर थांबू लागले, कारण नोकरी करणारे विद्यार्थी तिथेच भेटत. चारचौघांत बोलण्यास संकोचणाऱ्यांशी मी एकेकट्याने बोलले. वेळ पुष्कळ जात असे, हे खरे आहे. पण या कामात वेळ द्यायचा तो इथेच, बैठकीतला तासभर हा त्याचा केवळ शेवटचा भाग असतो.

बोलतानाही मी चार शब्दप्रयोग काटेकोरपणे वेगळे ठेवू लागले: ‘जवळजवळ सर्वांनी सांगितले’, ‘निम्म्याहून अधिकांनी सांगितले’, ‘काही जणांनी सांगितले’ आणि ‘एकाच विद्यार्थिनीने सांगितले, पण बाब गंभीर आहे’. शेवटचा प्रकार मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या एका विद्यार्थिनीला परीक्षेच्या सभागृहाचे दार उघडताना दर वेळी कोणाची तरी मदत घ्यावी लागत होती. ही अडचण मतदानाला टाकली असती तर तिला एकच मत मिळाले असते. बहुमत मोजणे हे मतमोजणी करणाऱ्याचे काम आहे, प्रतिनिधीला त्यापलीकडेही पाहावे लागते.

मधल्या काळात एका गोष्टीने मला धीर दिला, आणि ती म्हणजे या खुर्चीचा इतिहास. समितीत बसताना आपण कोणाच्या तरी मेहेरबानीने इथे आहोत, असे मला सतत वाटत असे. पुढे वाचनात आले की इटलीतील बोलोन्या विद्यापीठ, ज्याची स्थापना परंपरेने 1088 मध्ये मानली जाते, ते घडलेच मुळी विद्यार्थ्यांच्या संघांतून. ‘युनिव्हर्सिटास’ या लॅटिन शब्दाचा अर्थच संघ किंवा मंडळ असा होता. परगावाहून कायदा शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन शिक्षकांशी करार केले, आपल्यातूनच रेक्टर, म्हणजे संघाचा प्रमुख, निवडला, आणि तास उशिरा सुरू करणाऱ्या किंवा नेमलेला भाग न शिकवणाऱ्या शिक्षकांना तिथे दंडही होत असे. पॅरिसमध्ये नेमके उलट घडले. तिथला संघ शिक्षकांचा होता, आणि पुढे बहुतेक ठिकाणी तोच नमुना रुजला. शिक्षकांना दंड करणारी व्यवस्था मला मुळीच हवीशी वाटत नाही, कारण शिकवणाऱ्याने भीतीपोटी शिकवावे यात शिकणाऱ्याचेही भले नाही. तरीही विद्यार्थ्यांचा आवाज ही विद्यापीठाला नंतर चिकटवलेली सोय नाही, एवढे त्यावरून मला पटले.

अलीकडच्या काळातील खुर्चीची कथा निराळी आहे. एडिनबरा विद्यापीठात 1884 मध्ये विद्यार्थी प्रतिनिधी मंडळ स्थापन झाले आणि 1889 च्या कायद्याने स्कॉटलंडमधील अशा मंडळांना अधिकृत मान्यता मिळाली. 1918 मध्ये अर्जेंटिनातील कोर्दोबा येथे विद्यार्थ्यांनी मोठे आंदोलन केले. विद्यापीठाच्या कारभारात शिक्षकांच्या बरोबरीने विद्यार्थ्यांनाही वाटा हवा, ही त्यांची मागणी पुढे लॅटिन अमेरिकेतील अनेक देशांत पसरली. 2001 मध्ये प्राग येथे जमलेल्या युरोपीय शिक्षणमंत्र्यांनी विद्यार्थी हे उच्चशिक्षण समुदायाचे पूर्ण सदस्य आहेत, असे आपल्या निवेदनात नमूद केले. कोर्दोबाबद्दल वाचल्यानंतरच्या बैठकीत मी प्रथमच टेबलाच्या टोकाशी न बसता मधल्या खुर्चीवर बसले. लहानशी गोष्ट आहे, पण तिथून सर्वांचे चेहरे दिसतात आणि आपले बोलणे सर्वांना ऐकू जाते.

भीती मात्र पूर्णपणे गेली नाही, आणि याविषयी प्रामाणिकपणे लिहिणे मला आवश्यक वाटते. ज्यांच्या शिकवण्याबद्दल मी बोलत होते, तेच माझ्या उत्तरपत्रिका तपासणार होते. मला कधी त्रास झाला नाही. पण त्रास होऊ शकेल ही शंकाच अनेक प्रतिनिधींना गप्प करते, आणि ज्या विद्यापीठाला खरे ऐकायचे आहे त्याने ही शंका दूर करण्याची जबाबदारी स्वतः घेतली पाहिजे. मी माझ्यापुरता एक नियम पाळला. एखाद्या विषयाबद्दल तक्रार असेल तर त्या शिक्षकांना बैठकीपूर्वी भेटून ती सांगायची, म्हणजे सहकाऱ्यांसमोर ती त्यांच्यावर अचानक येऊन आदळत नाही. दोनदा असे झाले की भेटीतच प्रश्न सुटला आणि बैठकीत तो नेण्याची गरजच उरली नाही.

काही गोष्टी मात्र प्रतिनिधीने हातात घेऊच नयेत. एका विद्यार्थिनीने मला एका व्यक्तीच्या वागण्याबद्दल विश्वासाने सांगितले, तेव्हा माझी पहिली ऊर्मी स्वतः चौकशी करण्याची होती. सुदैवाने मी एका अनुभवी प्राध्यापिकांना, नाव न घेता, पद्धत काय असते एवढेच विचारले. अशा तक्रारींसाठी वेगळी समिती असते, तिचे नियम आणि गोपनीयता वेगळी असते, आणि माझ्यासारखीने चार जणांकडे केलेली विचारपूस तक्रार करणारीलाच अडचणीत आणू शकते. मी तिच्याबरोबर त्या समितीच्या कार्यालयापर्यंत गेले आणि बाहेर थांबले. त्याविषयी मी पुढे कोणाशीही बोलले नाही आणि इथेही अधिक लिहिणार नाही.

वर्षाच्या उत्तरार्धात एक उणीव ध्यानात आली: मी वर्गाचे म्हणणे समितीपर्यंत नेत होते, पण समितीचे उत्तर वर्गापर्यंत आणत नव्हते. वाचनालय रात्री आणखी दोन तास उघडे ठेवावे ही आमची मागणी नामंजूर झाली होती आणि अपयश सांगायला नको म्हणून मी गप्प राहिले होते. अखेर मी एक कागद तयार केला. काय मागितले, काय उत्तर मिळाले, त्यामागचे कारण काय सांगितले गेले आणि पुढे काय करायचे, असे चार रकाने आखून तो सूचनाफलकावर लावला. वाचनालयापुढे ‘नामंजूर, रात्रपाळीसाठी कर्मचारी नाहीत’ असे स्पष्ट लिहिले. काही जण चिडले, आणि त्यांचे चिडणे रास्त होते. पण पुढच्या वेळी चिठ्ठ्या वाटल्या, तेव्हा आधी कधीही न लिहिणाऱ्यांच्या चिठ्ठ्या परत आल्या. त्यांतल्या एकीवर, परीक्षेपूर्वीच्या तीन आठवड्यांपुरतेच वाचनालय उशिरापर्यंत उघडे ठेवता येईल का, अशी सूचना होती. ती आम्ही लेखी दिली. उत्तर येण्यापूर्वी माझी मुदत संपली.

नव्या प्रतिनिधीला मी फाइल दिली, तेव्हा सर्वांत वर तोच कागद ठेवला होता आणि त्याच्या शेवटच्या रकान्यात तीन विषयांपुढे ‘प्रलंबित’ असे लिहिले होते. तपासलेली कामे वेळेवर परत मिळण्याचा विषय त्यात पहिला होता. तीन आठवड्यांची मुदत ठरली होती, पण ती पाळली जाते की नाही याची नोंद ठेवायला आम्ही नुकतीच सुरुवात केली होती. तिने फाइल उघडून पहिला प्रश्न विचारला, ‘‘संध्याकाळच्या वर्गातली मुलं कुठे भेटतात?’’ मी तिला प्रयोगशाळेचा मजला आणि वेळ सांगितली.